आधी तुम्ही जा

आमच्या ह्यांच्याइतका स्वच्छ चष्मा गल्लीत दुसऱ्या कुणाचा नसेल. खाली ह्यांचं शिवणकामाचं दुकान, वर आमचं घर. जिना चढताना मधल्या वळणावर हे थांबत, चष्मा काढत, रुमालाने सावकाश पुसत आणि मग उरलेल्या पायऱ्या चढत. पूर्वी असं नव्हतं, हे अलीकडचं. काचा पुसून व्हायच्या, तरी खांदे वरखाली होतच असायचे. मी वरच्या दारातून बघायची आणि मनात म्हणायची, देवा, या माणसाला एकदा डॉक्टरांसमोर बसव.

"अहो, छाती दाखवून या की."

"कधी जाऊ? आपलं दुकान उघडं तेव्हाच त्यांचा दवाखाना उघडा. अर्धा कोट घालून उभं असलेलं गिऱ्हाईक टाचण्यांसकट सोडून जाऊ?"

या सबबीवर त्यांनी बरेच महिने काढले. मग कोपऱ्यावरच्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी पाटी लावली, की दवाखाना आता रात्री नऊपर्यंत उघडा राहील. पाटी वाचून ह्यांचा चेहरा असा पडला, जणू कुणी त्यांच्या मापात चूक काढली.

मी सोबत जायला हवं होतं. पण संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की जप पुरा होईपर्यंत मी बोलत नाही, हा माझा रोजचा नेम. "नेम हिचा, पुण्य मला," असं हे गिऱ्हाइकांना सांगतात, "तेवढा वेळ घरात शांतता." तर हे एकटेच जाऊ लागले. रोज जायचे आणि रोज हसत परत यायचे.

"काय म्हणाल्या?"

"आज गर्दी होती गं."

उद्याही गर्दी, परवाही गर्दी. बेकरीवाल्याच्या मुलीचं ठरलं, शाळेच्या शिपायाने सायकल बदलली, सगळं घरी कळायचं. ह्यांच्या छातीचं तेवढं कळायचं नाही.

एका सकाळी भाजी घेताना दवाखान्यात नंबर देणारी बाई भेटली. "काकू, काकांना आम्ही दानशूर म्हणतो हं!"

"का गं?"

"स्वतःचा नंबर आला की देऊन टाकतात. बेकरीवाल्यांना पहाटे उठायचंय, आधी तुम्ही जा. शिपायाचं डोकं दुखतंय, आधी तुम्ही जा. शेवटी एकटेच उरले, की म्हणतात, डॉक्टरीणबाई दमल्या असतील, उद्या येतो."

मी हसले खरी, पण भाजीची पिशवी हातात जड झाली.

त्या दिवशी मी ह्यांना काहीच विचारलं नाही. जेवताना हे म्हणाले, "आज दिवसाही नेम वाटतं?" संध्याकाळी मी दिवा लावला, जपमाळ घेतली आणि ह्यांच्या आधी चपला घातल्या. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, चपलांकडे बघितलं आणि निमूट कुलूप लावलं.

दवाखान्यात ह्यांचं स्वागत नवरदेवासारखं झालं. थोड्या वेळाने नंबर पुकारला. ह्यांनी सवयीने शेजारच्या रंगाऱ्याकडे वळून म्हटलं, "बोटाला लागलंय ना तुमच्या? आधी तुम्ही..." रंगारी अर्धा उठला. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो बसला. नेम जिभेचा होता, डोळ्यांचा नव्हता.

आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय होतंय काका?"

"मला? छे! हिला दाखवायचंय. बघा ना, दिवा लावल्यापासून तोंडातून शब्द नाही." आणि मला खुर्चीवर बसवून स्वतः दाराकडे सरकले. उरलासुरला नंबरही त्यांनी दान केला!

बाई बॅटरी घेऊन आल्या. "आ करा काकू."

तोंडात शब्द आला होता. माळ अजून बरीच उरली होती. मी हाताने बॅटरी बाजूला केली, उठले आणि तपासायच्या पलंगापाशी लाकडी पायरी होती, तिच्यावर चढले. तिथेच थांबले. एक हात छातीवर ठेवला, खांदे वरखाली केले. मग खाली उतरून ह्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला, त्यांच्याच खिशातला रुमाल काढला आणि काचा पुसल्या. सावकाश, अगदी त्यांच्यासारख्या.

बाई आधी हसल्या. मग त्यांनी बॅटरी ठेवून दिली. "काका, जिन्यात थांबावं लागतं? कधीपासून?"

हे बाईंकडे बघतच नव्हते. "तुला दिसायचं?" त्यांनी मला विचारलं. "मला वाटलं, तुला कळत नाही."

मी चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला.

बाईंनी छाती तपासली, तारा लावून हृदयाचा आलेख काढला, तो दोनदा बघितला. "उद्या सकाळी मोठ्या इस्पितळात जायचं. मी आत्ताच फोन करून ठेवते. वेळेत आलात, पण आणखी कुणाला नंबर देऊ नका."

बाहेर सगळे उठून उभे राहिले. बेकरीवाला म्हणाला, "टेलरसाहेब, उद्यापासून आमचा नंबर तुम्हाला."

घरी जिन्याच्या वळणावर हे थांबले. हात चष्म्याकडे गेला आणि तसाच खाली आला. "दम लागलाय गं," ते म्हणाले आणि पायरीवर बसले. मीही शेजारी टेकले. जिन्यात बसूनच माळ पुरी केली, डोळ्यांना लावली.

"बोल आता," हे म्हणाले. "दिवसभराचं साठलं असेल."

मी त्यांच्याकडे बघितलं. काचांमागे पाणी होतं.

"चष्मा पुसा," मी म्हटलं. "आज खरंच गरज आहे."