मोज्यात काढलेली अठरा वर्षे

मित्रांनो, मी फुटबॉलचे चारशेहून जास्त सामने खेळलो, पण अठरा वर्षांत त्यातला एकही पाहिला नाही. पाहणार कसा? माझी जागा मोज्याच्या आत. मी एक जुना शिनगार्ड आहे, नडगीवर बांधायचा, उजव्या पायाचा. डाव्या पायावर माझा जुळा भाऊ असे. आमची गाठ फक्त कपडे बदलायच्या खोलीत पडायची आणि तिथेही बुटांच्या बढाया ऐकण्यातच वेळ जायचा. बुटांचा थाट मोठा. त्यांचे फोटो निघतात, त्यांना रंगीत नाड्या मिळतात. पण नव्याचे नऊ दिवस. दोन-तीन महिन्यांत जोडी बदलते. मी मात्र अठरा वर्षे टिकलो, हे जरा ताठ मानेने सांगतो. पुढे मला मान खाली घालावी लागणार आहे, म्हणून आत्ताच सांगून घेतो.

माझे कूळ काही थोर नाही. मी सांडपाण्याचा प्लास्टिकचा पाईप होतो. माझे बाकीचे भाऊबंद आजही कुठल्याशा इमारतीत इमानेइतबारे सांडपाणी वाहत असतील. मी त्यातून सुटलो तो एका बारा वर्षांच्या मुलीमुळे. तिला शाळेच्या प्रशिक्षकाने मैदानाबाहेर काढले होते. नडगीला पॅड नाहीत, तर खेळ नाही, असा नियम होता. दुकानातले सगळे पॅड तिच्या काडीसारख्या पायावर गोल फिरायचे. तिचे बाबा प्लंबर होते. घरी येऊन ती दाराशी रुसून बसली, तेव्हा त्यांनी पिशवीतून दोरा काढला आणि तिच्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंत माप घेतले.

मग त्यांनी मला करवतीने कापले, उभे चिरले आणि शेगडीवर धरून नडगीच्या आकाराचे केले. कडा कानशीने घासल्या. आतून जुन्या गादीचा स्पंज चिकटवला. त्यावर बोट फिरवून ते म्हणाले, "टोचतंय का कुठे? नीट सांग हं." तिने नाही म्हटले. "पुढच्या वर्षी पाय वाढेल तुझा. तेव्हा नवे करू."

हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. बाबा आणि मी ते विसरलो.

आमची मुलगी मैदानाच्या मधोमध खेळायची. गोल वाचवणारे मागे, गोल मारणारे पुढे आणि ती मधे. पळण्यात ती हळू होती, म्हणून सगळ्या जणी तिला गोगल म्हणत, म्हणजे गोगलगाय. पण गोगलगाय अन् पोटात पाय! चेंडू तिच्याकडे यायच्या आधीच ती दोनदा मागे वळून बघायची. मला ते कळायचे, कारण तिचे वजन आधी डाव्या पायावर जायचे, मग माझ्यावर. मग तिच्या संघातली कोणीतरी सावध करायला ओरडायची, "गोगल, मागे माणूस!" आणि तोवर चेंडू भलतीकडेच पोहोचलेला असायचा. चिडलेली समोरची खेळाडू मग मला लाथ घालायची. चेंडू पुढे जायचा आणि लाथ आमच्या वाट्याला यायची. सतराव्या वर्षी तिला गावातल्या क्लबने घेतले. विसाव्या वर्षी मोठ्या शहरातला क्लब आला, तिथे तिसऱ्या हंगामात करंडक मिळाला, पुढे दंडावर कर्णधाराची पट्टी आली. पेपरात गोल मारणाऱ्यांची नावे यायची. तिला त्याचे काही वाटायचे नाही. मला थोडे वाटायचे.

देशाच्या संघातली पहिली निवड मला नीट आठवते. तिने मला सकाळी सातलाच बांधले आणि सामना होता संध्याकाळी. ऐंशी मिनिटे ती बाकावर बसून राहिली. ती सारखी टाच आपटत होती, त्यामुळे मीही मोज्यात खडखडत होतो. शेवटच्या दहा मिनिटांसाठी तिला बोलावले. त्या दहा मिनिटांत मी तीन लाथा खाल्ल्या आणि मला धन्य वाटले. पुढे तसे सत्तावन्न सामने झाले.

क्लबचे कपडे, चेंडू आणि इतर सामान सांभाळणारे एक गृहस्थ होते. त्यांना सगळे सामानकाका म्हणत. दर हंगामाच्या सुरुवातीला ते आम्हा दोघांना उचलून हातावर तोलायचे आणि नाक मुरडायचे.

"गोगल, हे तुला आता पुरत नाहीत गं. खाली बघ किती पाय उघडा राहतो. कपाटात नवेकोरे पडलेत."

"बाबांनी केलेत, काका. राहू द्या."

"बाबांना दाखव तरी एकदा."

"दाखवते," ती म्हणायची. पण ती दाखवायची नाही. घरी सुट्टीला गेली की बॅग दाराशी ठेवायची आणि जेवून झोपायची. बाबांना वाटे, एवढ्या मोठ्या क्लबात पोरीला कंपनीचे पॅड मिळत असतील. टीव्हीवर त्यांना मोजा दिसायचा, मोज्यातला मी नाही. आणि खरे सांगायचे, तर मीही फुशारलो होतो. कोणी आपल्याला इतकी वर्षे जवळ ठेवते, म्हणजे आपण पुरेसे आहोत, असे मला वाटे.

ती तीस वर्षांची असताना एका भिजलेल्या मैदानावर देशाचा सामना होता. तिने चेंडू पुढे दिला आणि समोरची खेळाडू घसरत आली. मी वाट पाहत होतो, नेहमीसारखी. पण तो फटका माझ्यावर बसलाच नाही. तो माझ्या खालच्या कडेच्या तीन बोटे खाली बसला, जिथे मी पोहोचतच नव्हतो. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्या दिवशी मला माझी लाज वाटली. लाथ खाणे एवढेच माझे काम, आणि तेवढेही मला जमले नाही.

डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण देशासाठी पुन्हा खेळेल की नाही, ते सांगता येत नाही. दवाखान्यातून ती घरी आली आणि तिचे सामान एका पिशवीत आले. बाबांनी पिशवी उघडली आणि आम्ही त्यांच्या हातात पडलो. त्यांनी आम्हाला लगेच ओळखले. स्वतःच्या कानशीच्या खुणा माणूस विसरत नाही. ते मला घेऊन तिच्या खाटेजवळ गेले आणि प्लास्टर नसलेल्या पायावर मला धरून पाहिले. गुडघ्याखालून सुरू झालो, तो घोट्याच्या बरेच आधी संपलो.

"हे... हेच घालत होतीस?"

"हो."

बाबांनी मिठाची गुळणी धरली. पाचव्या दिवशी त्यांनी मला मोडक्या नळांच्या आणि गळक्या तोट्यांच्या डब्यात टाकले. मला त्यांचा राग आला नाही. ते मला टाकत नव्हते, स्वतःलाच शिक्षा करत होते.

आठवड्याने सामानकाका भेटायला आले. बाबा त्यांना चहा देताना एवढेच म्हणाले, "मी मापात चुकलो हो."

"काही चुकला नाहीत, दादा. माप बारा वर्षांच्या पोरीचं होतं आणि अगदी बरोबर होतं. पोरगी वाढली. मी तिला दर वर्षी सांगत होतो, ऐकते कुठे."

"पण मी म्हणालो होतो, पुढच्या वर्षी नवे करू. मीच विसरलो."

खाटेवरून ती म्हणाली, "बाबा, तुम्ही विसरलात म्हणून नाही. मला आठवत होतं. नवे केले असते तर हे टाकावे लागले असते, म्हणून मी गप्प बसले." मग ती रडली. बाबाही रडले. सामानकाका कपात बघत राहिले.

त्या संध्याकाळी बाबांनी मला डब्यातून काढून धुतले आणि पिशवीतला दोरा शोधला. हाड जुळायला, तिला पुन्हा चालायला, मग पळायला दहा महिने लागले. तेवढ्या काळात त्यांनी पाच जोड्या कापल्या आणि चार नापसंत केल्या. पाचवी क्लबच्या डॉक्टरीणबाईंना दाखवली. सोनारानेच कान टोचलेले बरे. बाईंनी ती वाकवून पाहिली, ठोकून पाहिली आणि म्हणाल्या, "आत आणखी एक थर घाला आणि घोट्याकडे बोटभर वाढवा." बाबांनी मान डोलवून तसेच केले. नवी जोडी घोट्यापर्यंत पुरी आली.

देशासाठीच्या तिच्या पुनरागमनाच्या सामन्याला आई-बाबा गॅलरीत बसले होते. मी बाबांच्या शर्टाच्या खिशात होतो. मी मोठा आणि खिसा लहान, त्यामुळे मी निम्मा बाहेर होतो.

"अहो, ते आत ढकला," आई म्हणाली. "लोकांना वाटेल, नळ दुरुस्त करायला आलात."

"राहू दे. त्यालाही बघू दे."

आणि मित्रांनो, मी पहिल्यांदा फुटबॉलचा सामना पाहिला. केवढे ते हिरवे मैदान. मला वाटले होते, ती धावाधाव करत असेल. ती तर बाजारात निघाल्यासारखी चालत होती, आणि बाकी सगळ्या जणी ती चेंडू देईल तिकडे धावत होत्या. चेंडू यायच्या आधी तिने दोनदा मागे पाहिले, तेव्हा मी मनातल्या मनात म्हणालो, आता डावा पाय, आता उजवा. अगदी तसेच झाले.

सत्तराव्या मिनिटाला एक खेळाडू घसरत तिच्याच अंगावर आली. बूट त्याच जागी बसला. बाबांच्या मुठीने मला इतके घट्ट आवळले, की माझ्या अंगाला बारीक चीर गेली. ती खाली बसली. मग तिने मोजा वर ओढला, उभी राहिली आणि आमच्या दिशेने पाहून नडगीवर दोनदा बोटांनी टकटक केली. बाबांच्या जिवात जीव आला आणि माझ्याही, मला जीव असलाच तर. पुढचा सामना बाबांना डोळ्यांतल्या पाण्यामुळे नीट दिसला नाही. मी सगळा पाहिला. तिच्या चेंडूवरून गोल झाला आणि पेपरात नाव दुसरीचे आले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे सगळेच सांगतात. मीही सांगतो. पण वस्तू जपताना, ती ज्याच्यासाठी केली त्यालाही जपा. कोणी तुमच्यासाठी मायेने काही केले असेल, तर ते आता पुरत नाही हे त्या माणसाला सांगायला भिऊ नका. तो रागावणार नाही. तो दोरा शोधायला उठेल.

मी आता बाबांच्या पिशवीत असतो. हंगाम सुरू व्हायच्या आधी ती घरी येते आणि दाराशी बसते. बाबा शेजारी मला ठेवतात आणि दोरा काढतात. ती आता बत्तीस वर्षांची आहे. तिची नडगी आणखी वाढणार नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. तरी ती मोजा खाली सारते आणि बाबा घोट्यापासून गुडघ्यापर्यंत माप घेतात.