बाकड्याची भेग आणि सुनेचा पायगुण

उस्मानपुऱ्यात सर्जेरावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मोबाइल उंच धरून सगळे सागवानी बाकड्याकडे बघत होते. मंत्रतंत्र करणाऱ्या महाराजांनी त्याला गुंडाळलेलं ओलं गोणपाट सोडलं आणि बायका ओरडल्या, "अगं बाई!" बोट शिरेल एवढी भेग चक्क मिटली होती.

"तीन दिवस जिन्याखाली, रोज पाच घागरी मंतरलेलं पाणी!" महाराज गरजले. "अमेरिकेचे शास्त्रज्ञ थकले, पण हे फक्त आम्हालाच जमतं." अमेरिकेला या बाकड्याचा पत्ता कोणी दिला, हे कोणी विचारलं नाही.

मग त्यांनी आवाज उतरवला. नवी सून मोनिका घरात आली, त्याच आठवड्यात बाकडं तडकलं होतं. "आता हे उन्हात ठेवा. भेग परत उघडली, तर समजा पायगुण हिचाच. वैजापूरला माहेरी धाडायची, कायमची."

सासूबाई आवडाबाईंनी मान डोलावली. बेचाळीस अंशांच्या उन्हात भेग उघडणारच, हे मोनिकाला ठाऊक होतं. महाराजांनाही ठाऊक होतं, म्हणून तर ते एवढे निर्धास्त होते.

ती आत गेली आणि बाकड्यासोबत घेतलेली, तशीच तडकलेली खुर्ची उचलून घेऊन आली. खुर्चीचीही भेग मिटली होती.

"मला संशय आला, म्हणून हिलाबी तीन दिवस ओलं गोणपाट गुंडाळलं. मंत्र नाय, काय नाय. नळाचं पाणी!"

"घोर पाप!" महाराज किंचाळले.

मोनिका सासऱ्यांकडे वळली. "मामंजी, शेतात कुदळीचा दांडा सैल झाला की काय करता?"

"पाण्यात ठेवतो की. लाकूड फुगतं, अन् दांडा घट्ट..." सर्जेराव मध्येच थांबले. अंगणातल्या निम्म्या लोकांची शेती होती. त्यांनीही माना खाली घातल्या.

शेजारच्या कडूबाईंना मात्र राहवेना. "महाराज, माझ्या कुदळीला कोणाचा पायगुण लागलाय, तेवढं सांगा की!"

हशा उसळला. महाराजांनी अनवाणीच गेट गाठलं.

"लई वंगाळ वागले गं तुझ्याशी," आवडाबाई म्हणाल्या, तेव्हा कुठं मोनिकाला रडू फुटलं.

उन्हानं ओल गेली की लाकूड आकसतं, फाटतं; भिजलं की फुगतं, वाळलं की पुन्हा फाटतं. खरा इलाज सुताराकडे असतो: कोरड्या भेगेत भुसा आणि गोंद भरा, वरून जवसाचं तेल चोळा, बाकडं सावलीत ठेवा. आणि चमत्कार दाखवून कोणी घरातल्या माणसाकडे बोट केलं, तर हात जोडण्याआधी तेच मंत्रावाचून करून बघा. मोनिकानं बघितलं, म्हणून ती घरात राहिली. ज्यांच्यासाठी कोणीच करून बघितलं नाही, अशा किती सुना आजही माहेरी बसून आहेत.