दोन पेरांचा तुकडा

मिस्त्रींनी तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. आता सकाळचा चहा झाला की नाही, हेही त्यांना आठवत नसे. मात्र बैठकीच्या खोलीतल्या मॉन्स्टेराच्या झाडाला पाणी घालायचं, हे पक्कं लक्षात असे. घातलंय, हे तेवढं राहत नसे. दिवसातून पाच-पाच वेळा भांडं घेऊन ते कुंडीपाशी जात.

त्यांची बायको घरी पडदे शिवायची. तिला सगळे बाईच म्हणत. मशीनवर मान मोडून काम करणाऱ्या बाईंच्या हे उशिरा ध्यानात आलं. पानं पिवळी पडली तेव्हा त्यांना वाटलं, ऊन कमी पडतंय. एका दुपारी कलंडलेलं झाड सावरायला गेल्या, तर ते अलगद हातात आलं. खाली मुळं नव्हतीच. नुसता काळा चिखल आणि कुजका वास.

लेक नोकरीला लांब गेली, त्या वर्षी तिनेच ते आणून दिलं होतं.

रोपवाटिकेतल्या माळ्याने दांडा दाबून पाहिला. झाड गेलंच समजा, म्हणाला. निरोगी भाग लागेपर्यंत कापा, पेरावर एखादा डोळा जिवंत असला तर असला.

बाईंची कापडाची कात्री कागदालाही लावायची कुणाची छाती नव्हती. त्याच कात्रीने त्यांनी दांडा कापला. आत तपकिरी. आणखी कापला. शेवटी दोन पेरांचा तुकडा हाती राहिला. तो दिवसभर सुकवून ओलसर शेवाळात, झाकणाच्या डब्यात ठेवला आणि डबा कपाटावर चढवला. कुंडीत माती तशीच राहिली. मिस्त्री तिलाच पाणी घालत राहिले. फोनवर लेकीने विचारलं, तर झाड छान आहे, असं सांगून बाई मोकळ्या झाल्या.

एकोणिसाव्या दिवशी पेराशी तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक दिसलं. आनंद सांगायला घरात दुसरं कोण होतं? त्यांनी डबा खाली काढून मिस्त्रींना दाखवला. मिस्त्रींनी एका बोटाने हळूच चाचपलं.

"मूळ धरलंय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाई एका घरी खिडक्यांची मापं घ्यायला गेल्या. मिस्त्री स्टुलावर चढले आणि त्यांनी कपाटावरचा डबा पाण्याने काठोकाठ भरून झाकण लावलं. बाईंनी तो उघडला तोवर तीन दिवस झाले होते. कणी गळून पडली होती. दोन्ही पेरं बोटाखाली दबली.

बाई स्वयंपाकघरात डबा मोरीत रिकामा करू लागल्या. मिस्त्री दारात आले. कित्येक महिन्यांत नव्हती, इतकी त्यांची नजर स्वच्छ होती.

"मीच मारलं ना गं?"

रोज शंभर वेळा खोटं बोलून बाई त्यांना सांभाळत. पण त्या नजरेपुढे खोटं बोलायला त्यांची जीभ रेटेना.

"हो. तहान लागली असेल, असं वाटलं तुम्हाला."

मिस्त्री खुर्चीत बसले. लेकीला कळवू नकोस, म्हणाले. बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी झटकला नाही.

जेवायला बसेपर्यंत ते सगळं विसरले होते. भाजीत मीठ कमी आहे, म्हणाले. बाईंनी मीठ पुढे सरकवलं.