टोकाचं आळं

"मंदाबाय, ही तुझीच ना?"

कुंपणापलीकडे शेजारीण फ्लॉसी उभी होती. हातात निळी स्लीपर. मंदाने खाली पाहिलं. एका पायात चप्पल होती, दुसरा उघडा.

"कुठे मिळाली?"

"तळ्याच्या वळणावर. तिथून एका चपलेवर आलीस तू. आणि मी तुझं रक्त बघत बघत आले."

मंदाने तळवा वर केला. काचेचा तुकडा त्यात घरच्यासारखा आरामात बसला होता. दुखत नव्हतं. तेच वाईट होतं.

फ्लॉसीने काच काढली, हळद दाबली, फडकं बांधलं. बांधता बांधता टोमणाही मारला, की एवढा माज बरा नाही, माणसाने पायाला विचारून चालावं. मग घरी जाऊन तिने आचोळ्याला मंदाच्या मुलाला, श्रीरंगला फोन लावला. शेजारणी अशाच असतात. आधी फडकं बांधतात, मग चहाडी करतात.

मंदाला साखर निघाली त्याला बरीच वर्षं झाली होती. आधी तळव्यांना मुंग्या आल्या, मग आग, मग काहीच नाही. गादीवर चालल्यासारखं वाटायचं. डॉक्टर म्हणाला, नसा खराब झाल्यात. म्हणाला तेही श्रीरंगकडे बघून. पाय मंदाचे होते, पण तिच्याशी बोलायची त्याला गरज वाटली नाही. तिने घरी येऊन रोज खोबरेल चोळलं, रक्त मोकळं व्हावं म्हणून. यात तिची चूक काय? रक्त वाहून नेते ती नस, आणि निरोप नेते तीही नसच. दोन गोष्टींना एकच शब्द द्यायचा आणि बाईला तेल चोळत बसवायचं, ही आपली हुशारी.

दुपारी डोळा लागला की तिचे पाय परत यायचे. स्वप्नात ती पाटातून चालायची. तळव्यांना शेवाळ लागायचं, सुपारीच्या गळलेल्या झावळीचा गार गुळगुळीत देठ लागायचा, बोटांच्या बेचक्यांतून चिखल वर यायचा. जाग आली की पाय पुन्हा लांब, दुसऱ्या खोलीत विसरून आल्यासारखे.

रविवारी श्रीरंग आणि सून विनिता नंदाखालला मंदाकडे आले. श्रीरंग आधी वाडी फिरून आला. टोकाच्या केळी पिवळ्या पडल्या होत्या आणि विहिरीजवळच्या आळ्यांत पाणी साचून वास येत होता. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आई, आता बस. वाडी कोणाला तरी कसायला देऊ. तू आचोळ्याला चल, फ्लॅटवर."

"चौथ्या मजल्यावर मी काय शिंपू?"

पण त्याचं म्हणणं खरं होतं. म्हणून ती म्हणाली, की आज पाणी मी लावते. टोकापर्यंत नीट पोचलं नाही, तर उद्या येते.

श्रीरंग पंप बघायला गेला. सून शाळेत विज्ञान शिकवायची. ती अंगणात उकिडवी बसली आणि काटकीने मातीत रेघा ओढू लागली. वर मेंदू. त्यातून पाठीच्या कण्यात उतरणारा जाड दोर. दोराला फुटलेल्या नसा, हातांकडे, पायांकडे. रक्ताच्या नव्हेत, निरोपाच्या.

"कंबरेपासून पायाच्या बोटापर्यंतची सगळ्यात लांब, आई. म्हणून टोक आधी मरतं. साखर आवरली नाही तर पायांनंतर हात."

"विहीर, मोठा पाट, लहान पाट," मंदा म्हणाली. "टोकाचं आळं पहिलं सुकतं." मग तिने रेघेवरून बोट पायाकडून वर नेलं. "पण पाणी जातं फक्त. पोचलं हे विहिरीला कोण सांगतं?"

"त्याला वेगळ्या तारा असतात. जाणाऱ्या वेगळ्या, येणाऱ्या वेगळ्या. तुमच्या जाणाऱ्या बऱ्या आहेत, म्हणून चालता. येणाऱ्या गेल्यात."

लग्न होऊन आली तेव्हापासून मंदा अनवाणी पाणी लावत होती. आळं भरल्याचं तळव्याला कळायचं, मग टाचेने चिखल लोटून तोंड बंद, पाणी पुढच्या आळ्यात. वाडीची येणारी तार तीच होती. आणि ती तुटल्याचं केळींना तिच्या आधी कळलं होतं.

तिने दोन्ही चपला सुतळीने पायांना बांधल्या. आज उभी राहिली नाही. प्रत्येक आळ्यापाशी बसली, मातीवर पंजा टेकला, वाट पाहिली, हातानेच तोंड बुजवलं आणि पुढच्याला सरकली. उन्हाचे कवडसे पाण्यावर तरंगत होते, आणि ती स्वप्नातल्या बाईसारखी संथ जात होती.

शेवटच्या आळ्यापाशी ती मांडी घालून बसली. पाणी सुकी पानं ढकलत आलं. तळहाताला गार लागलं. अंगठ्याला लागलं. एकेक बोट जागं झालं.

करंगळी गप्प राहिली.

मंदाने ती बुडवून धरली. पाण्यात ती दिसत होती, तिचीच होती.

"पोचलं का, आई?" विहिरीकडून विनिताने विचारलं. तिच्या शेजारी श्रीरंग उभा होता.

"पोचलं," मंदा म्हणाली. चिखल लोटून तिने तोंड बंद केलं, पदराला हात पुसला, आणि करंगळी बाकीच्या बोटांच्या मुठीत घेतली.