फ्यूजपेटीतलं घरटं

आपलं डोकं जरा लवकर तापते, हे आधीच सांगतो. चौऱ्याहत्तर साली मी लाइटीच्या ऑफिसात वायरमन होतो. रिसोडातल्या घरोघरच्या फ्यूजपेट्या तपासाचं काम मायाकडं होतं. सुगनचंद शेठजीकडं गेलो, तं आठ दिवसांवर पोरीचं लगन आलेलं अन् आंगणात मांडवाचे बांबू पडलेले.

लाकडी पेटीचं झाकण अर्धं तुटलेलं. आत पाह्यलं अन् हबकलोच! फ्यूजवर चिमणीचं घरटं, त्यात तीन पिल्लं. फ्यूजमंदी बारीक तारेच्या जागी जाडजूड तार कोंबलेली. पेटीले हात लावला तं चांगलीच गरम! खाली लगनाच्या गाद्यायची थप्पी.

"कोन्या शायन्यानं केलं हे?" मी वरडलो.

"म्याच केलं. फ्यूज घडीघडी उडे," शेठजी म्हणे. "फेक ते घरटं अन् लाइट चालू राहू दे."

तेवढ्यात त्यायची बायको अंगुरीबाई धावत आली. "खबरदार! माणसाचा हात लागला का माय पिल्लं टाकून जाते. आठ दिवसांपासून मी कोनाले पेटी उघडू देल्ली नाही. लगनाच्या घरात जीवहत्या करता काय?"

"अवो शेठाणी, घर पेटन ना!"

"पिल्लं हालनार नाहीत. सांगून ठेवते."

मंग काय, आपलं डोकं सटकलं. घरट्याले हात न लावता खांबावर चढलो अन् घराची लाइनच तोडून टाकली.

शेठजी खालून म्हणे, "तुयी बदली नाही केली तं नाव सुगनचंद नाही!"

"करा!" म्हणलो. पण खांबावरून उतरता उतरता घर आठवलं. घरी बायकोचे, पंचफुलाचे, दिवस भरत आलेले, अशात तिले घेऊन कुठं जाऊ?

लगन दिवसाउजेडीच झालं. शेठजी जैन, त्यायचं जेवण तसंबी दिवस बुडायच्या आत, मंग रातीचं गॅसबत्त्यायवर भागलं.

पिल्लं उडाली तसं शेठजीनं बोलावणं धाडलं. अंगुरीबाईनं आपल्या हातानं घरटं काढलं, उलटं करून पाह्यलं. बुडातलं गवत जळून काळं पडलं होतं.

ती तिथंच खाली बसली अन् मले म्हणे, "देवमनभाऊ, मी तं यायले भाजूनच मारलं असतं रे." तिचे डोळे भरून आले. मले आपल्या वरडण्याची लाज वाटली.

 शेठजीनं स्टूल आणलं अन् मी बारीक तार बसवेपर्यंत दोन्ही हातायनं धरून उभे राह्यले.