पायरीवरचा पुकारा

"हजर आहे!"

फाटकाबाहेरून हाक आली तसा कोर्टाच्या व्हरांड्यात उभा असलेला भोंगा शिपाई दचकला. सकाळपासून हे असंच चाललं होतं. हेडक्लार्क दातओठ खात बाहेर आले.

"अरे, त्या बाईला कुणीतरी गप्प करा! पुकारा झालाय का तिचा?"

"नाही साहेब."

"मग बोंबलतेय कशाला?"

भोंगा फाटकाकडे बघत राहिला. ती कशासाठी ओरडत होती, ते त्या इमारतीत त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

भोंगा म्हणजे कोर्टात नावांचा पुकारा करणारा शिपाई. खरं नाव पगारापुरतं उरलेलं. आवाज असा, की त्यानं घरात मीठ मागितलं तर शेजारीण वाटी घेऊन दारात हजर. बापही याच नोकरीत होता आणि त्याची शिकवण एकच होती. पायरीवर उभं राहायचं, छाती भरून श्वास घ्यायचा आणि नाव असं घ्यायचं, की फाटकाबाहेर डुलकी काढणारासुद्धा ताडकन उठला पाहिजे. तीनदा. त्यानंतरही कुणी आलं नाही तर त्याचं नशीब, आपल्या माथी पाप नाही.

पण दंगली झाल्या आणि गावाची दोन गावं झाली. मधला पूल होता तसाच राहिला, माणसं तेवढी अलीकडची आणि पलीकडची झाली. पलीकडच्यांना पुकारा होईपर्यंत फाटकाच्या आत सोडायचं नाही, असा नियम निघाला. बंदोबस्तासाठी म्हणे. मग त्याच्या पाठोपाठ, कुठेही न लिहिलेला दुसरा नियम आला. पलीकडच्यांचं नाव पायरीवरून घ्यायचं नाही, उंबऱ्यात उभं राहून, भिंतीकडे तोंड करून घ्यायचं. घ्यायचं मात्र तीनदाच, कायदा म्हणजे कायदा! भिंतीनं ऐकलं, भिंतीवरच्या पालीनं ऐकलं, की झाला माणूस गैरहजर. भोंगा अलीकडचा. घरी खाणारी तोंडं होती, आणि हात दाखवून अवलक्षण करून घेण्याची त्याला हौस नव्हती.

ही बाई पलीकडची. तिच्या नवऱ्याला एका संध्याकाळी पोलीस चौकीत नेलं आणि सकाळी हातगाडीवर घालून परत आणलं. तिनं चौकीच्या अधिकाऱ्यावरच फिर्याद लावली. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं तिच्याच माणसांनी समजावून पाहिलं. ती तारखांना येत राहिली. दिवसभर फाटकाशी उभी राहायची आणि संध्याकाळी पहारेकरी सांगायचा, "तुझा पुकारा झाला, तू नव्हतीस." आज पुन्हा गैरहजर लागली तर फिर्याद कायमची निकालात निघणार होती. म्हणून आज तिनं पुकाऱ्याची वाट पाहणंच सोडलं होतं. उत्तर ती आधीच देत होती.

दुपारच्या सुट्टीत भोंगा फाटकापाशी गेला. जवळून ती अगदीच लहानखुरी निघाली. चपलेचा तुटका अंगठा तिनं पिनेनं टाचला होता.

"बाई, घसा बसेल," तो म्हणाला. "गळ्यातून नाही ओरडायचं. आवाज पोटातून काढायचा." बोलून गेल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली.

"बसला तर बसू दे, दादा. आजचा दिवस निभावला म्हणजे झालं."

"आत कुणी ऐकत नाही."

"तुम्ही ऐकलंत की," ती म्हणाली. "पुकारा तुम्हीच करता ना? मी सगळ्या तारखांना इथंच होते. इतरांची नावं आली, ते आत गेले. फार चांगला आवाज आहे तुमचा, पार पुलापर्यंत पोचतो. माझंच नाव तेवढं कधी आलं नाही."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर भोंग्याला बरं वाटलं असतं. त्यानं आपली पाण्याची बाटली तिच्यापुढे केली आणि खाली बघत परत फिरला.

दुपार कलली. फाटकावरची हाक चिरकी झाली, मग घोगरी, मग नुसती खरखर. पहारेकरी आधी हसत होते, आता तेही हसेनात. थांबली असेल, असं भोंग्याला दर खेपेला वाटायचं आणि हाक यायचीच.

"आता ती बाई," हेडक्लार्क जवळ येऊन म्हणाले. "उंबऱ्यातूनच, कळलं ना? तळघरातल्या जुन्या फायलींवर माणूस हवाय म्हणे. तिथे बोलायला झुरळांशिवाय कुणी नाही. लक्षात असू दे."

भोंगा उंबऱ्यात उभा राहिला. तोंड भिंतीकडे केलं. तेवढ्यात फाटकाकडून काहीतरी आलं. आवाज नव्हताच तो, नुसता वारा. पण शब्द तोच होता.

भोंग्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. देवानं एवढा आवाज दिला तो आपण भिंतीला ऐकवतोय, आणि ही मूठभर बाई आवाज संपला तरी बोलतेच आहे! हे बळ येतं कुठून? अशा माणसासमोर उभं राहायची आपली लायकी नाही, असं त्याला वाटलं. आणि तो वळला, व्हरांडा ओलांडून पायरीवर आला.

त्यानं छाती भरून श्वास घेतला. तिचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव, आडनाव. तीनदा. आत टायपिस्टचे हात थांबले. पुलावरची माणसं थबकून कोर्टाकडे बघू लागली.

फाटक उघडलं. तिच्या तोंडून शब्द फुटेना, तिनं नुसता हात वर केला.

"पळ, पळ," पहारेकरी म्हणाला. ती पळाली नाही. तिनं वाकून चपलेची पिन नीट केली आणि सगळं आवार आपल्या चालीनं ओलांडू लागली.

"आली का?" आतून न्यायाधीशांनी विचारलं.

"येतेय साहेब," भोंगा म्हणाला. "थोडं थांबावं लागेल."

आणि कोर्ट थांबलं. पलीकडच्या माणसासाठी थांबलेलं कोर्ट भोंग्यानं पहिल्यांदाच पाहिलं. ती त्याच्याजवळून आत गेली, तेव्हा तो नकळत बाजूला सरून ताठ उभा राहिला.

"हजर लिहा," न्यायाधीश म्हणाले. "बाई, नाव सांगा."

तिनं तोंड उघडलं. घशातून काही निघालं नाही. तिनं मागे वळून पाहिलं.

हेडक्लार्कनी तळघराची किल्ली खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवली होती. भोंग्यानं ती पाहिली. मग उंबऱ्यात उभं राहून, या खेपेला तोंड आत करून, त्यानं तिचं नाव पुन्हा एकदा सांगितलं, जरा सावकाश.