झोळीतल्या वहाणा

या, असे जवळ सरका. टाळ खाली ठेवा, तंबोरा भिंतीला टेकवा. कीर्तनाला अजून अवकाश आहे. तोवर एका बाईची गोष्ट सांगतो. पुराणातली नव्हे, आपल्या अरसलारू नदीच्या काठची. तिच्यात देव कुठं आला ते तुमचं तुम्ही शोधा.

तंजावरचं राज्य खालसा होऊन तेव्हा पन्नासेक वर्षं झाली होती. दरबार गेला, पण दरबारानं दिलेली भातजमीन हनुमंतरावांच्या घरात राहिली होती, आणि दरबारी खाणंही. मरुदानल्लूरच्या पलीकडं त्यांचं गाव. गळा असा गोड की ते कीर्तनाला उभे राहिले की कुंभकोणमहून गाड्या जुंपून लोक यायचे. देह मात्र सुगीतल्या राशीसारखा. देवळाला जायचं तरी गाडी लागायची.

एके सकाळी त्यांची बायको अंबुजाबाई गोठ्यामागं राख टाकायला गेली. भिंतीच्या कडेला, जिथं हनुमंतराव लघवीला बसायचे, तिथं मुंग्यांची काळी रांग लागली होती. तिच्या हातातलं सूपच गळालं. सासऱ्यांच्या वेळीही अशाच आल्या होत्या. आधी मुंग्या, मग न भागणारी तहान, मग पाय काळा पडला आणि पन्नाशी गाठायच्या आत माणूस गेला. हनुमंतरावांना सेहेचाळीस चालू होतं.

"अहो, गोठ्यामागं मुंग्या लागल्यात."

"लागू देत की. मुंग्यांनी बिचाऱ्यांनी कुठं जावं?" तिसरी पोळी तुपात बुडवत ते म्हणाले.

"मामंजींना अशाच लागलेल्या."

पोळी हातात राहिली. मग ते उगाच हसले. "अगे, ते राजघरचं दुखणं. कंगालाला होतं का?"

"मणून मिरवायचं? उठा. अत्ताच्या अत्ता वैद्याकडं."

कुंभकोणमचे सेतुराम वैद्य फटकळ. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि आधी बाहेर जाऊन गाडीवानाला सांगितलं, "बैल घेऊन घरी जा. हे चालत येतील."

"चालत?" हनुमंतरावांना घाम फुटला.

"रोज दोन कोस. भात मूठभर, गोड बंद, अंग निम्मं व्हायला पाहिजे. हा पाहुणा घरातून जायचा नाही, हनुमंता. पण त्याला उपाशी ठेवलंस तर तो गप पडून राहील."

चार दिवस ते चालले. पाचव्या दिवशी वाटेत एकानं विचारलं, "बैल मेले का हो?" दुसऱ्यानं हळहळून विचारलं, "शेत गेलं मणतात, खरं का?" हनुमंतराव घरी आले ते झोपाळ्यावर बसले आणि उठेनात. अंबुजाबाईला फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. तळव्यात बाभळीचा काटा रुतला होता. त्यांना तो कळलाच नव्हता. आठवडा झाला तरी जखम ओलीच.

तिनं विचार केला. हा माणूस स्वतःसाठी चालायचा नाही. देवासाठी चालेल.

"उंछवृत्ती धरा," ती म्हणाली. "एक मंडल, अठ्ठेचाळीस दिवस. नाम घेत दारोदार हिंडायचं आणि झोळीत पडेल त्यावरच दिवस काढायचा. त्याला तरी लाज नाही ना?"

हनुमंतरावांचे डोळे भरून आले. देवापुढं त्यांनी संकल्प सोडला: अनवाणी फिरेन, झोळीत पडेल ते नाकारणार नाही, त्याखेरीज काही खाणार नाही.

पण झालं भलतंच. कीर्तनकार दाराशी भिक्षेला आला म्हटल्यावर अग्रहारातल्या, म्हणजे ब्राह्मणआळीतल्या, बायका मूठभर तांदूळ घालून थांबतात होय! गुळाची ढेप, तिळाचे लाडू, तूप निथळणाऱ्या पोळ्या. झोळी खांद्याला रुतायची. नवव्या दिवशी गोठ्यामागं मुंग्यांच्या दोन रांगा झाल्या.

अंबुजाबाई शेजारच्या अलमेलूच्या पाया पडली. "नुसते तांदूळ घाल गे. गोड नक्को."

"देवाच्या झोळीत मी हात आखडू? जन्मात व्हायचं नाही!"

"मग तुमी तरी नको मणा," ती नवऱ्याला म्हणाली.

"संकल्प मोडू? मी? उद्या कुठल्या तोंडानं उभा राहू कीर्तनाला?"

अंबुजाबाई रात्रभर कूस बदलत राहिली. पहाटे तिनं झोळी त्यांच्या खांद्यावर घातली आणि त्यांचं तोंड नदीच्या दिशेला वळवलं.

"संकल्पात वाट कुठली ते सांगितलेलं नाही. आज पलीकडं जा. कुळांच्या वस्तीत."

"त्यांच्याकडून कसं घेऊ गे?"

"देव कोणाच्या घरी जेवायला गेला ते अख्ख्या गावाला तुमीच सांगता ना? का ते नुस्तं सांगायचं?"

हनुमंतराव निघाले.

भाद्रपदाचे दिवस. वाफ्यांत गुडघाभर रोप, बांध निसरडा, पायाखालून खेकडे पळताहेत. शेत त्यांचं, पण या बांधावर त्यांचं पाऊल कधी पडलं नव्हतं. निंदणाऱ्या बायका कंबर धरून उभ्या राहिल्या. त्यांत सुंदरी म्हणून एक म्हातारी होती; दात चार, जीभ मात्र धारदार.

"अगो बायांनो, सरका! बांध खचेल!" ती तमिळीत ओरडली. "काय होणा सामी?"

"भिक्षा."

बायांचं हसू थांबलं. सुंदरी झोपडीत गेली आणि मूठ भरून केळवरगू, म्हणजे आपली नाचणी, घेऊन आली. "आमच्याकडं हेच. भात तुमच्याकडं जातो."

त्यांनी झोळी पुढं केली. तिचं लक्ष पायाकडं गेलं. चिखलात रक्त मिसळत होतं.

"दुखत नाही?"

"नाही."

"मग वाईट आहे." ती पुन्हा आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात म्हशीच्या कातड्याच्या वहाणांचा जोड होता. तिचा नवरा खळ्याचा राखणदार. तो जाऊन दोन वर्षं झाली होती. कुणी काही म्हणायच्या आत तिनं वहाणा झोळीत टाकल्या.

ब्राह्मणाच्या झोळीत कातडं! हनुमंतरावांनी झोळीत पाहिलं. मग खाली बसले, पाण्यानं पाय धुतला आणि वहाणा घातल्या. अनवाणी फिरेन हेही त्यांनीच म्हटलं होतं, नाकारणार नाही हेही त्यांनीच. दोहोंतलं एक मोडणारच होतं. त्यांनी मोडलं ते स्वतःच्या पायाशी बोललेलं. देणाऱ्या हाताला दिलेलं वचन राखलं.

अग्रहारात ओरड झाली, दोन कीर्तनं रद्द झाली. पण ते रोज तीच वाट चालले. पोटात दोन मुठी केळवरगूची आंबील, पायाखाली दोन कोस. धोतराची गाठ चार बोटं आत गेली, जखम कोरडी पडली. चाळिसाव्या दिवशी अंबुजाबाईनं गोठ्यामागं पाहिलं. माती कोरी होती.

ती हरखून भाताची पाटी घेऊन नदीपलीकडं गेली. सुंदरी दुपारचं जेवत होती. मडक्यात नुसतं पाणी, तळाला केळवरगूचा गढूळ साका.

"एवढंच?"

"सामींची मूठ गेली की उरतं ते." म्हातारी हसली. "तुमचं औषध ते आमचं जेवण, अम्मा."

अंबुजाबाई तिथंच दारात बसली. तिनंच तर नवऱ्याला या दाराशी धाडलं होतं. मुंग्या मोजल्या, हिचं मडकं पाहिलं नाही. "मला सांगायचं नाही गे?"

"मागायला आलेल्याला कोण सांगतं?"

तिनं पाटी पुढं सरकवली. सुंदरीनं भाताकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "सामींनी वहाणा नाकारल्या नाहीत. मी तरी हे कसं नाकारू?"

त्या दिवसापासून पाटी रोज जाऊ लागली. पण दिवाळीच्या तोंडावर पाऊस लागला, वस्तीत ताप आला, आणि सुंदरीच्या जन्मभर उपाशी अंगात तो झेलायची ताकद नव्हती. तिची तिरडी उचलली तेव्हा हनुमंतराव बांधावर उभे होते. पायात त्याच वहाणा.

ते सत्तरी ओलांडून गेले. पाहुणा घरात राहिला, पण गप राहिला. वहाणांचे तळ सात वेळा बदलले. आणि मंडळी, कीर्तनाला उभे राहण्याआधी ते देवाच्या नावामागोमाग आणखी एक नाव पुटपुटायचे. कुठल्या संताचं, ते लोकांना कळायचं नाही. अंबुजाबाई मात्र खांबाआड मान खाली घालून बसायची.

आता टाळ घ्या. उद्या पहाटे चालायला निघाल तेव्हा पायात वहाणा सरकवताना त्या म्हातारीची एवढी आठवण ठेवा. सुंदरी. नाव विसरू नका.